औषध घेतलंय का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

सगळ्यात आधी उतरली ती मुलाची मावशी. गाडीचं दार उघडायच्या आत तिचा आवाज उतरला होता. शिरपूरची बाई, अंगानं ही एवढी, हातात पिशवी, पिशवीत स्वतःच्या घरचे पापड. म्हणे, तुमच्याकडच्या मिठाचा काय भरवसा. तिच्या मागून मुलाची आत्या, मग आई, मग मुलगा, आणि सगळ्यात शेवटी आपला मध्यस्थ पितांबर. त्याला गाडीत मागं कोंबलेलं, केळीच्या खोक्यासारखा आखडून गेलेला बिचारा.

नूतन, आशीर्वाद मागून लिहिते, आधी हे ऐक. काल भाविकाला बघायला पाहुणे आले होते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. चौथीचं अक्षर आहे, लावून वाच. आईचं अक्षर म्हणून टाकून देऊ नको, ही पोर तुझी सख्खी भाची आहे.

मी कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, भरीत केलं होतं, दिपमालानं शेवभाजी केली. तुझ्या वहिनीचा हात आता बसला हो शेवभाजीवर, पण तिला सांगू नको. भाविका हिरवी साडी नेसून आली. काय सांगू, तोंड कसं दिसत होतं! दिवाळीत तू बघितलंस तेव्हा गालभर पुटकुळ्या होत्या ना? एक नाही आता. कशा गेल्या ते विचारू नको, आजीचा हात लागलाय. अंगानंही भरली आहे. रोज सकाळी माझ्या हातचं हळदीचं दूध आणि मेथीचा लाडू.

मग पाया पडायची वेळ आली आणि फजिती झाली. वाकली, मावशीच्या पाया पडली. उठली, पुन्हा वाकली, आणि पुन्हा मावशीच्याच पायांवर हात. आत्या बाजूला पाय पुढं करून तशीच बसलेली! मावशी हसली, "अवो बाई, मना पाया दोनदा पडनी, नि हाई बठेल शे तिना एकदाबी नही!" सगळे हसले. आत्या नाही हसली.

भाविका भिंत धरून उठली. आत गेल्यावर मी रागावले, तर म्हणाली, "आजी, वाकले की डोळ्यांसमोर पडदा येतो. दोन-चार सेकंद काहीच दिसत नाही, मग येतं." मी म्हटलं उपाशी असशील. संक्रांतीपासून डोकं दुखतंय तिचं. कानात फवारणीचा पंप चालतो म्हणते, फुस फुस, छातीच्या ठोक्याबरोबर. मी म्हटलं अभ्यास कमी कर. कॉलेजची पोरं, त्यांच्या डोक्यात काय काय चालतं!

पाहुण्यांना पोर पसंत आहे असं पितांबर म्हणतो. आत्याचं तेवढं बघावं लागेल. मी फार आनंदात आहे. दमलेही आहे, आज पाठ धरली आहे, पण तो आनंदाचा थकवा.

दिवाळीत तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. ते मी मनात ठेवलेलं नाही.

तुझी आई

बुधवार, १९ फेब्रुवारी

मागच्या पत्राचं उत्तर नाही. नसो. तू धुळ्याला सरकारी दवाखान्यात सिस्टर, तुझ्या ड्युट्या असतात, मला काय कळत नाही.

आम्ही जळगावला जाऊन आलो. रावेरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तोच निघाला, पण तो दुकानदार म्हणाला मोठ्या डॉक्टरला दाखवा. भुसावळपर्यंत पोर एस.टी.च्या खिडकीत ओकत होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवावं तर आडवं झालं की जास्त दुखतं म्हणे. मग तशीच बसली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून. माझा हात बधिर झाला पण काढला नाही.

डोळ्यांची डॉक्टरीण तरणी आहे, बोलायला गोड. दुर्बीण लावून बराच वेळ बघितलं आणि पोरीचा बाप म्हणून ललितला म्हणाली, "डोळा चांगला आहे. डोळ्यामागची नस सुजली आहे, दोन्हीकडची. डोक्यात मेंदूभोवती पाणी असतं, त्याचा दाब वाढलाय. तो दाब नसेवर येतोय."

मी म्हटलं, "पोरीच्या डोक्यात पाणी?"

"सगळ्यांच्याच असतं, आजी. तुमच्याही आहे."

आता बघ! सत्तर वर्षं माझ्या डोक्यात पाणी आहे आणि मला कोणी सांगितलं नाही.

मग पोरीला त्या मोठ्या आवाजाच्या मशीनमध्ये घातलं. गाठबिठ काही नाही, देवाची कृपा. मग एका पांढऱ्या डब्यात तोंड घालायला लावलं. आत बारीक दिवे चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. टकटक यायची, मग बराच वेळ काहीच नाही, मग टक. मला वाटलं मशीन बिघडलं. मग कागद निघाला, त्यावर डाव्या डोळ्याच्या कडेला काळं उतरलेलं. काळं तिथं दिसत नाही.

आणि मग नूतन, त्या बाईनं विचारलं, माझ्या तोंडावर, दार उघडं असताना, "हिनं काही औषध घेतलंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाविका तोंड उघडायच्या आत मीच उठले. "आमच्या घरची पोर औषध कशाला घेईल? काय कमी आहे तिला? आमच्या पोरीनं औषध घेतलं नाही आणि घेणार नाही!" बाहेर बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. आपल्याकडं औषध घेतलं म्हणजे काय, हे शिकलेल्या बाईला कळू नये? मागच्या आळीतली झिपरूची सून फवारणीचं औषध घेऊन मेली, तेव्हा गावानं किती महिने तिच्या माहेराला जगू दिलं नाही! लग्नाच्या पोरीच्या नावाला असं चिकटलं तर निघत नाही. डॉक्टरीण लाल झाली. "बरं बरं आजी, बसा," म्हणाली, आणि पुन्हा विचारलं नाही. चांगली जिरवली.

आता दुसरं ऐक. ती म्हणते पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं आणि दाब मोजायचा. मी नाही म्हटलं. झिपरूची कंबर पाठीतल्या इंजेक्शनानंच गेली, तो स्वतः सांगतो. ललित मध्येच लोंबकळतोय. डॉक्टरीण म्हणाली, "आठवड्यात या. नस सुकली तर नजर परत येत नाही." तोवर पाणी कमी करायच्या गोळ्या दिल्या आहेत. बाकी माझं सकाळचं सगळं चालूच आहे.

तू सिस्टर आहेस, म्हणून विचारते. सुईनं कंबर जाते का?

आई

शनिवार, १ मार्च

हे पत्र वाचून तू चिडशील. चीड.

आधी धुरपदाबाई आली होती ते सांगते. शेजारीण म्हणून नारळपाणी घेऊन आली, माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताईबाई, खरं सांग, किती प्यायली पोर?"

"काय प्यायली?"

"औषध गं. केळीवरचं का कपाशीवरचं?"

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आपल्या गल्लीतल्या वनाची बायको बसली होती. तिनं माझं ओरडणं ऐकलं, त्यातलं "आमच्या पोरीनं औषध" एवढंच घरी आणलं आणि "नाही" तिथंच बाकावर सोडून आली. आता गावभर झालंय की भाविकाला ते स्थळ नको होतं म्हणून तिनं औषध घेतलं, आणि त्यानंच डोळे गेले. पितांबरचाही फोन आला. शिरपूरचे पाहुणे म्हणतात, थोडं थांबू.

धुरपदाबाईला मी नारळासकट घालवलं.

आता खरं. परवा गुरुवारी तू ललितच्या मोबाईलवर फोन केलास. ललित केळीच्या बागेत होता, मोबाईल घरी चार्जिंगला होता, मी उचलला. दिवाळीनंतर पहिल्यांदा तुझा आवाज. तू आई म्हणाली नाहीस. "ललितला दे," म्हणालीस. मी म्हटलं बागेत गेलाय. मग तू म्हणालीस, "त्याला सांग, डॉक्टर विचारतात ते औषध म्हणजे फवारणीचं नव्हे. चालू असलेल्या गोळ्या. भाविका तोंडाच्या पुटकुळ्यांसाठी काही घेते का, ते विचारून आजच डॉक्टरला कळवायला सांग. आणि सुईनं कंबर जात नाही." आणि ठेवलास.

मी ललितला सांगितलं नाही. सुईचंही नाही.

गोळ्या मी देत होते, नूतन. आपल्या नात्यातल्या ज्योत्स्नाला कॉलेजात असताना डॉक्टरनं दिल्या होत्या, तिची जुनी चिठ्ठी मी मागून घेतली होती. हिरव्या कॅप्सूल. तिला एकच महिना लिहिलेल्या होत्या. दुकानदार दर खेपेला द्यायचा, मी आणायची. दिवाळी झाल्यापासून रोज एक, हळदीच्या दुधाबरोबर. भाविकाला सांगितलं होतं रक्तशुद्धीची आहे, झाडपाल्याची. तिला तरी काय माहीत! डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा, तुझी शपथ, माझ्या डोक्यात त्या कॅप्सूल आल्याच नाहीत. औषध दुखण्याला असतं, ही तर तोंडाची वस्तू, काजळ-पावडरीसारखी. पण गुरुवारी तुझा फोन ठेवला तेव्हा कळलं. तेव्हा कळलं आणि तरी गप्प बसले. दुसऱ्या सकाळपासून कॅप्सूल बंद केली आणि मनाला म्हटलं, बंद केली ना, आपोआप उतरेल, कशाला घरात वणवा लावायचा. दिपमाला दोनदा पिशवी भरून जळगावला निघाली होती, मीच दारात आडवी झाले होते. आता कोणत्या तोंडानं सांगू?

आज दुपारी मी तांदूळ निवडत होते. भाविका पुस्तक घेऊन समोर बसली होती. डोकं वर करून म्हणाली, "आजी, लाईट गेली का?"

डोक्यावर पंखा फिरत होता.

मी उठले, पेटीतून साड्यांखालचं पाकीट काढलं आणि बागेत गेले. ललित माणसांबरोबर घड उतरवत होता. सगळ्यांसमोरच त्याच्या हातात दिलं. त्यानं पाकीट बघितलं, मला बघितलं. "आई, तू?" एवढंच. मग खांद्यावरचा पंचा तिथंच टाकून घराकडं पळाला. तो तुला फोन करतोय, मला आतून ऐकू येतंय. मी ओट्यावर बसून हे लिहितेय.

रविवार, ९ मार्च

पाच-सहा दिवस आपण दोघी एका दवाखान्यात होतो आणि तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून पुन्हा कागद. आज घरी आलो. पाय सुजलेत, पण ते जाऊ दे.

तू आत होतीस, मी बाहेर बाकावर होते, तेव्हा तुला माहीत नाही ते सांगते. डॉक्टरणीनं सोमवारी पाकीट हातात घेतलं. मला वाटलं ओरडेल. ती नाही ओरडली. म्हणाली, "ह्यानं दाब वाढू शकतो. वजनही झपाट्यानं वाढलंय हिचं. ह्या एकानंच झालं, असं मी शपथेवर नाही सांगत, आजी." तिनं मला आडोसा दिला. तो पुरला नाही. वजन तरी कोणाच्या लाडवांनी वाढलं?

ललितनं मला विचारलं नाही, सुईच्या कागदावर सही करून टाकली. बरं केलं.

मंगळवारी तू धुळ्याहून आलीस, माझ्या समोरून तीनदा गेलीस. पहिल्यांदा पिशवी घेऊन, दुसऱ्यांदा कागद घेऊन, तिसऱ्यांदा हात पुसत. दिपमाला मला सांगत होती आतलं. पोरीला कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, आणि तू समोरून तिला धरलंस, मान आणि गुडघे, लहान बाळ धरावं तशी, आणि सुई होईपर्यंत तिच्याशी कॉलेजच्या गोष्टी बोलत राहिलीस. पाण्याला काचेची उभी नळी लावली तर पाणी अडतीसपर्यंत चढलं. पंचवीसच्या आत पाहिजे म्हणे. दिपमालानं बोटानं उंची दाखवली. तेवढं ओझं घेऊन पोर माझ्या पाहुण्यांच्या पाया पडत होती.

संध्याकाळी मला आत सोडलं. भाविका उताणी पडलेली, मला म्हणाली, "आजी, पंप बंद झाला." मी म्हटलं, "कोणता गं?" "कानातला." आणि झोपली. मी तिच्या पायाशी बसून इतकी रडले की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला पाणी दिलं. आनंदानं रडत होते, का कशानं, मला नाही सांगता येत.

तू माझ्या डब्यातलं खाल्लं नाहीस. गेटबाहेर उभी राहून पोहे खाल्लेस, मी खिडकीतून बघितलं. बरोबर आहे तुझं. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तू ताटावरून उठलीस ते मी मनात ठेवलेलं नाही. मी काय बोलले ते मात्र लिहिलं नव्हतं. तू म्हणालीस, पोरीचं शिक्षण होऊ दे. आणि मी पंगतीत, भाचे-जावई जेवत असताना म्हणाले, "स्वतःला नांदता आलं नाही, ती शहाणपण शिकवते." तू हात न धुता गेलीस. दिपमाला तांब्या घेऊन मागं पळाली होती.

बोलले ते बोलले. परत घेता येत नाही, पण मी बोलले एवढं लिहून देते.

सोमवार, १४ एप्रिल

उन्हाळा फार आहे. दुपारी एकला ओट्यावर पाय ठेवता येत नाही. पापड, कुरडया चालू आहेत, गल्लीत आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं.

भाविकाचं तुला ललित सांगतोच, तरी माझ्याकडून ऐक. सूज उतरली आहे. उजवा डोळा जवळजवळ सगळा आला. डाव्यानं खालचं, नाकाकडचं दिसत नाही, आणि ते येणार नाही असं डॉक्टरणीनं मलाच समोर बसवून सांगितलं. मीच म्हटलं होतं, मला सांगा, पोरीच्या आईला नको. पायरी उतरताना भाविका हनुवटी छातीला लावून बघते, मग पाऊल टाकते. त्या पाणी कमी करायच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, कोकम सोडा बेचव लागतो, रात्री चारदा उठते. पण अभ्यास करते आहे. चार किलो उतरली. लाडू बंद, उरलेले ललित खातोय, आता तो भरायला लागलाय.

माझ्यावर ती रागावली नाही, हे मला जड जातं. एकदाच म्हणाली, "आजी, मला खरं सांगून दिल्या असत्यास तर मीच मोबाईलवर बघितलं असतं." आणि माझा हात धरून पायरी उतरली.

धुरपदाबाईकडं पापड होते परवा. वीस-पंचवीस बाया, लाट्या चालू. वनाची बायको समोरच. मला बघून कुजबुज बंद झाली. मी बसले, पोळपाट ओढला, दोन पापड लाटले. मग म्हटलं, "ऐका गं. आमच्या पोरीनं औषध घेतलं नाही. मी दिलं. तोंड गोरंगोमटं दिसावं, पाहुण्यांनी हो म्हणावं, म्हणून तिला फसवून महिनोन्‌महिने दिलं. आता बोलायचं तर माझ्या नावानं बोला, तिच्या नाही." धुरपदाबाईनं माझा पापड उचलून बघितला. म्हणाली, "ताईबाई, पापड जाड झाला तुझा." मी पुन्हा लाटला. घरी येताना बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

शिरपूरच्या मावशीलाही फोन लावला. सगळं सांगितलं, डोळ्याचंही. ती म्हणाली, "कळावतस, बाई." कळवतो म्हणजे काय ते मला कळतं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण भाविकाला सांगितलं तर तिनं टाळी वाजवली, मग दिपमालाही हसली, मग माझंही वाईट वाटणं मागं पडलं.

आता काल तू आलीस त्याचं. किती महिन्यांनी तुझी चप्पल आपल्या ओट्यासमोर! घरात आली नाहीस, उभ्यानंच पाणी प्यायलीस, भाविकाला उजेडात धरून तिचे डोळे बघितलेस, फाईल चाळलीस. मी दारात उभी. जाताना माझ्याकडं न बघता विचारलंस, "गोळ्या कोण देतं?"

"दिपमाला."

"बरं."

एवढंच आपलं बोलणं. मी दिवसभर ते तोंडात धरून फिरले.

दिव्यांच्या मशीनवरची पुढची तपासणी मंगळवारी, एकोणतीसला आहे. मला वाटलं तू धुळ्याहून सरळ जळगावला उतरशील, वाटेतच आहे तुला. चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं की जळगाव आधी लागतं आणि रावेर मागून. आणि तू भाविकाला म्हणालीस, "मी आदल्या दिवशी घरी येते, सकाळी इथूनच मिळून जाऊ." मी स्वयंपाकघरात होते, तवा गॅसवर, मी गॅस बंद करून ऐकलं. बुधवारी आखाजी आहे, अक्षय तृतीया, लेकी माहेरी यायचा सण. ते तुझ्या ध्यानात आहे का नाही, मी विचारणार नाही. राहायचं का नाही तेही विचारणार नाही.

तू मला सांगितलं नाहीस, पण मला माहीत आहे. अठ्ठावीस एप्रिल, सोमवार, संध्याकाळची एस.टी.